मदत हवी आहे : आजोबांचं कूपर इंजिन भंगारात जाऊ द्यायचं नाही. सातारा-सांगलीकडं जुनी यंत्रं जपणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

रहिमतपूरजवळ आमच्या मळ्यात जुन्या विहिरीशेजारच्या खोपीत एक कूपरचं ऑइल इंजिन पडून आहे. पाटी गंजानं खाल्लीय, पण 'सातारारोड' ही अक्षरं बोटानं चाचपली तरी लागतात. एकच आडवं सिलिंडर आणि दोन्ही अंगांना माझ्या छातीपर्यंत येणारी बिडाची फ्लायव्हीलं, म्हणजे जड चाकं. आजोबांनी मोट सोडली ती याच्या जिवावर. उन्हाळाभर हे विहिरीवर असायचं आणि गुऱ्हाळ लागलं की बैल जुंपून ओढत चरकाकडं न्यायचे. पट्टा घसरायला लागला की त्यावर राळ टाकायची, हे काम वडिलांकडं. पुढं लाइट आली, विहिरीवर मोटर बसली आणि इंजिन थांबलं ते थांबलंच. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली.

गेल्या वर्षी वाटणी झाली. विहीर आणि खोप चुलत्यांकडं गेली. त्यांना खोप पाडून तिथं गोठा बांधायचाय, त्यांचंही चुकत नाही. पण गेल्या रविवारी भंगारवाला बघून गेला आणि म्हणाला, "अख्खं गाडीत चढत न्हाई, हितंच फोडून नेतो." बीड घणाच्या चार घावांत फुटतं. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काकांना म्हटलं दिवाळीपर्यंत थांबा. ते म्हणाले, "ठेवून काय पूजा करणार हाईस त्याची?" आता काय सांगू, आजोबा करायचेच. दर खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ, इंजिन बंद पडल्यावरसुद्धा.

मोबाइलवर मी इंग्लंडमधल्या मेळाव्यांचे व्हिडिओ बघत असतो. तिथं जुने ट्रॅक्टर आणि इंजिनं जपणाऱ्यांचा नॅशनल व्हिंटेज ट्रॅक्टर अँड इंजिन क्लब १९६५ पासून आहे, जागोजागी शाखा आहेत. म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली, समोर इंजिन दिवसभर डुगडुगतंय आणि काम काय, तर पिंपातलं पाणी उपसून परत त्याच पिंपात सोडायचं! आधी हसू आलं, मग हेवा वाटला. लिस्टरसारखी त्यांची इंजिनं आपल्याकडं विहिरी-विहिरींवर होती आणि आपण ती किलोवर घालतो. ज्या जिल्ह्यात ही इंजिनं बनायची ते सातारारोड आहे, शेजारच्या जिल्ह्यात पंपांची किर्लोस्करवाडी आहे, तिथं असं एखादं मंडळ नसावं?

तर असा कुणी गट आहे का? आणि नसेल तर निदान एवढं सांगा, जाम झालेलं इंजिन सोडवायची सुरुवात कुठून करायची? फ्लायव्हीलला दोघांनी जोर लावला, तसूभर हललं नाही. गावातला मिस्त्री म्हणतो, पहारीनं हिसका देऊ. मला धीर होत नाही. संग्रहालयाला द्या असं कृपया सांगू नका, मला ते चालू बघायचंय.

प्रतिसाद १ (कोरेगाव)

पहार आणि मिस्त्री दोघांनाही लांब ठेव. आमचं इंजिन असंच हिसका देऊन फोडलंय, म्हणून सांगतोय.

पहिल्यांदा व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ढिले कर. व्हॉल्व्हसुद्धा चिकटलेले असणार. पिस्टन सुटला आणि व्हॉल्व्ह नाही सुटले तर पुशरॉड वाकतो. मग हेड काढ. उभं इंजिन असतं तर वरून तेल ओतून गप बसता आलं असतं. तुझं आडवं आहे, तेल खालच्या अंगाला साचणार आणि वरची बाजू कोरडी राहणार. म्हणून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं घेऊन चिंध्या भिजव आणि पिस्टनच्या तोंडाशी चौफेर कोंब. आठ-पंधरा दिवस मुरू दे, रोज थोडं तेल घालत राहा. नंतर पिस्टनवर लाकडी ठोकळा धरून हलके ठोके, आणि फ्लायव्हील मागं-पुढं. एकाच दिशेला ओढत राहू नको.

पंपाचंच पाणी फिरवत होता का इंजिन गार ठेवायला? तसं असेल तर सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये क्षार बसलेला असणार. तो काढल्याशिवाय लोडवर चालवू नको.

प्रतिसाद २ (वाळवा तालुका)

आमच्या वस्तीवर मामांचा जुना करडा फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे, टीई-२०. इंग्लंडात कव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर निघाले ते. पाटीवर नंबराच्या आधी टीईडी असेल तर पेट्रोलवर चालू करून रॉकेलसारख्या तेलावर न्यायचा, टीईएफ असेल तर डिझेल. आमचा टीईडी निघाला, तोपर्यंत दोन मेकॅनिकांनी त्यात डिझेल पंप शोधून झाला होता!

कागदपत्रांचं एक सांगतो. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती दुचाकीला आणि खासगी मोटारीला. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. तुमच्या इंजिनाला पासिंगची भानगडच नाही, तेवढं सुख.

प्रतिसाद ३ (सांगली)

रंग मारू नका हो. वायर ब्रश फिरवून लालभडक ऑइलपेंट दिला की इंजिन लग्नातल्या बँडवाल्यासारखं दिसतं. गंज डिझेलच्या बोळ्यानं पुसा, मूळ रंगाचे पापुद्रे राहू द्यात. पाटीवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, नंबर उमटतो.

आणि जाता जाता : ज्यांच्या नावाचं हे इंजिन, ते धनजीशा कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान (आताच्या भाषेत मुख्यमंत्री) झाले होते. काकांना सांगून बघा, खोपीत पंतप्रधान आहेत म्हणून.

प्रतिसाद ४ (कोरेगाव, पुन्हा मीच)

एक राहिलं. पिस्टन सुटला की लगेच चालू करायची घाई नको. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचे सांधे मोकळे आहेत का बघ. अडकलेले असले तर इंजिन पळतं आणि डिझेल बंद करेपर्यंत हातचं जातं. हवेच्या तोंडाएवढी लाकडी फळी हाताशी ठेव, दाबली की गुदमरून थांबतं. आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच. उलटं आलं तर अंगठा राहत नाही.

गटाचं म्हणशील तर तू, मी आणि वाळव्याचे फर्ग्युसनवाले असे तीन झालो. कराडला नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण कृषी प्रदर्शन भरतं, तिथं भेटू. नव्या ट्रॅक्टरांच्या रांगेत एखादं म्हातारं इंजिन लावू देतात का विचारू.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कोरेगावकर दादा, आजोबांचा उजवा अंगठा वाकडा का होता ते आज वडिलांना विचारलं. तुम्ही लिहिलंय तेच कारण निघालं.

पंतप्रधानांचं काकांना सांगितलं. हसले, आणि भंगारवाल्याला दिवाळीनंतर ये म्हणाले. आज हेड काढलं. एक नट तुटला, बाकीचे निघाले. सिलिंडरच्या तोंडाशी कुंभारणीनं मातीचं घर केलं होतं. चिंध्या कोंबल्यात.

आता एकच विचारतो : गोठ्याच्या पायाआधी ते आमच्या हद्दीत आणायचंय, मधे नांगरलेलं रान आहे. खाली ओंडके घालून ढकलत आणावं, की लाकडी घसरगाडी करून ट्रॅक्टरनं ओढावं? कुणी असं नेलं असेल तर सांगा.