आई-बाबांसोबत जपान: गर्दी टाळून पायी हिंडायच्या वाटा कोणत्या?

शिवाजीपार्ककर

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन जपानला जायचं ठरलंय. चार दिवस क्योटो, तीन दिवस टोकियो. फुशिमी इनारी, किंकाकु-जी, असाकुसा ही नावं प्रत्येक टूरवाल्याच्या यादीत आहेत. ती सोडून जुनी देवळं, बागा आणि जुन्या वस्त्या पायी बघायच्या आहेत. दोघंही पासष्टीचे. सपाटीवर शिवाजी पार्काच्या चार फेऱ्या, म्हणजे पाचेक किलोमीटर, सहज होतात. चढावर मात्र आईला दम लागतो. खाणं पूर्ण शाकाहारी, बाबा कांदा-लसूणही खात नाहीत. दिवसाला किती ठिकाणं धरावीत आणि सुरुवात कुठून करावी?

पायवाट

ठिकाणं मोजण्याआधी सूर्यास्ताची वेळ बघा. त्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. क्योटोत पावणेपाचला आणि टोकियोत साडेचारलाच. बहुतेक देवळांचं दार साडेचार-पाचला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी. जेवून, थोडं पडून, चारला बाहेर पडायची आपली सवय तिथे चालत नाही. सकाळी नऊला पहिल्या दारात आणि साडेतीनला शेवटच्या, असा दिवस आखा. एवढ्यात तीन देवळं आणि एक बाग शांतपणे होते. पाचवं ठिकाण घुसवलंत की बूट काढण्या-घालण्यातच वेळ जातो.

आईंसाठी एकच नियम: चढ गाडीने, उतार पायी. त्यासाठी क्योटोच्या पश्चिमेची आराशियामाची वाट उत्तम. लोक बांबूच्या बनापासून वर चढतात, तुम्ही उलट करा. आराशियामाहून कियोताकीकडे जाणारी ‘क्योटो बस’ कंपनीची बस घ्या आणि ‘ओतागी-देरा-माए’ थांब्यावर उतरा. बस साधारण तासाला एकच असते, चुकली तर टॅक्सी करा, दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर आहे. बसमध्ये कंडक्टर नसतो. मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढच्या दाराशी ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे किंवा प्रवासाचं कार्ड टेकवायचं. पेटी मोड परत देत नाही. शेजारच्या यंत्रात आधी नोट मोडून घ्या.

थांब्यासमोरच ओतागी नेनबुत्सु-जी (‘जी’ म्हणजे देऊळ). आत १,२०० दगडी अर्हत, म्हणजे बुद्धाच्या सिद्ध शिष्यांच्या मूर्ती, आहेत, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. ते जुने वाटतात, पण १९८१ ते १९९१ या काळात सामान्य भाविकांनी, शिल्पकार-पुजारी कोचो निशिमुरा यांच्या हाताखाली शिकून, स्वतः घडवलेत. कुणी हसतोय, कुणी पेला उंचावतोय. इथे निदान पाऊण तास ठेवाच. आवारात थोड्या पायऱ्या आहेत, आईंना सावकाश चढू द्या.

तिथून खाली सागा-तोरिइमोतो लागतं. आगीपासून राखणाऱ्या आतागो देवस्थानाकडे जाणारा हा जुना रस्ता, १९७९पासून संरक्षित. वरच्या टोकाला गवती छपरांची घरं आणि खाली उतरत गेलं की कौलारू, हा बदल चालतानाच लक्षात येतो. त्याच रस्त्यावर आदाशिनो नेनबुत्सु-जी, जिथे बेवारस मृतांच्या थडग्यांवरच्या सुमारे ८,००० दगडी मूर्ती एकत्र मांडल्या आहेत. फोटोबंदीच्या पाट्या इथे कसोशीने पाळा, ही स्मशानभूमी आहे. पुढे गियो-जीची शेवाळाची छोटी बाग. नोव्हेंबरअखेरीस हिरव्यावर मेपलची लाल पानं पडलेली असतात. मग निसोन-इन हे देऊळ. शेजारचं जोजाक्को-जी सुंदर आहे, पण उभ्या पायऱ्यांचं, ते सोडा. सगळं मिळून तीनेक किलोमीटर, पार्काच्या अडीच फेऱ्या.

माटुंगा_रोड

टोकियोचं मी सांगतो. यानाका ही जुनी वस्ती बघा. १९२३चा भूकंप आणि दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेक या दोन्हींतून बऱ्याच अंशी वाचलेली वस्ती, आणि लहान-मोठी सत्तरेक देवळं. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिम दाराने बाहेर पडा. आधी तेन्नो-जी, तिथे १६९०ची ब्राँझची बुद्धमूर्ती उघड्यावर आहे. लगतच्या यानाका स्मशानभूमीत पाचमजली पॅगोडा होता, तो १९५७ साली जळाला. पायाचे दगड अजून जागेवर दिसतात. शेवटचे शोगुन (लष्करी राज्यकर्ते) तोकुगावा योशिनोबु यांची समाधीही तिथेच.

अकराच्या सुमाराला यूयाके दांदान या पायऱ्यांवरून खाली यानाका गिंझाच्या बाजारगल्लीत उतरा. आधी गेलात तर निम्मी दुकानं बंद मिळतील. मग हेबिमिची, म्हणजे नागमोडी गल्ली. खाली आइझोमे नदी झाकून टाकली आहे आणि रस्ता तिच्या पात्रावरूनच जातो, म्हणून इतकी वळणं. नकाशावर ‘जवळची वाट’ दिसली तरी ही सोडू नका. शेवट नेझु देवस्थानात, इमारती १७०६च्या. परत जायला नेझु मेट्रो स्टेशन जवळच.

वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात ढोलावर ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ ऐकलं असेल, तर यानाकातलं झुइरिन-जी त्याच निचिरेन या बौद्ध परंपरेचं आहे. बाबांना ओळखीचं वाटेल.

दुसऱ्या दिवशी कोमागोमेची रिकुगिएन बाग. १७०२ची, तिकीट ३०० येन, शेवटचा प्रवेश साडेचारला. जपानी कवितांतली ८८ स्थळं तिथे दगड, पाणी आणि टेकड्यांनी उभी केली आहेत. तळ्याभोवतीची वाट मुद्दाम वळवलेली आहे. दर वळणावर मागचं दृश्य झाकतं आणि पुढचं उघडतं. म्हणून थांबत चाला. मधली टेकडी चढली नाही तरी काही बिघडत नाही, त्याऐवजी तळ्याकाठच्या चहागृहात माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, घ्या.

सुगरण_परळ

खाण्याकडे नीट लक्ष द्या. ‘भाज्यांचं’ म्हणून दिलेल्या सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्शात, मिसो सूपमध्येसुद्धा दाशी, म्हणजे चवीसाठी काढलेला अर्क, असते, आणि ती बहुधा कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या माशाची. ‘मांस नको’ म्हटलं तर मासा येतो, कारण तिथे मासा मांसात धरत नाहीत. ‘निकु, साकाना, दाशी नाशी’ (मांस, मासा, दाशी नको) असं जपानी लिपीत लिहून घेऊन दाखवा.

बाबांसाठी देवळांतलं शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, शोधा. त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य, आपल्या चातुर्मासासारखं. दाशी कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिइताके (अळंबी) यांची. मात्र आधी नोंदणी लागते, आयत्या वेळी सहसा मिळत नाही. जवळ थेपले आणि भडंग ठेवा, पण देवळाच्या आवारात खाऊ नका. रस्त्यात कचरापेटी जवळपास नसतेच, म्हणून एक पिशवी कचऱ्यासाठी.

बूट नाडीचे नकोत, सहज निघणारे हवेत. मोजे जाड आणि न फाटलेले, कारण लाकडी फरशी गारठलेली असते. उंबऱ्यावर आणि तातामीच्या (जमिनीवरच्या गवती चटयांच्या) काठावर पाय देऊ नका. बागेच्या वाटेत काळ्या दोरीने बांधलेला नारळाएवढा दगड दिसला तर पुढे जायचं नाही, तो ‘वाट बंद’चा दगड असतो. तिकिटासाठी रोख आणि १०० येनची नाणी जवळ असू द्या, लहान देवळांत कार्ड चालेलच असं नाही.

शिवाजीपार्ककर

सगळ्यांचे आभार. क्योटोतल्या सायहो-जीची शेवाळबाग आयत्या वेळी बघता येते का? आणि क्योटोत फक्त बसून बघायची बाग कोणती?

पायवाट

सायहो-जीला आधी नोंदणी केल्याशिवाय आत घेत नाहीत, त्यामुळे आजच करून टाका.

बसून बघायला उत्तरेचं एन्त्सू-जी. कुंपणापलीकडचा हिएइ डोंगर हाच बागेचा मागचा पडदा आहे, याला ‘शाक्केइ’, उसनं घेतलेलं दृश्य म्हणतात. ते दृश्य इमारतींनी झाकलं जाऊ नये म्हणून क्योटोने २००७ साली उंचीचे नियम कडक केले. ढगाळ दिवशी मात्र डोंगर दिसत नाही आणि अर्धी बाग हरवते. म्हणून त्याचा दिवस आधी ठरवू नका. सकाळी खिडकीतून हिएइ स्पष्ट दिसला तर त्या दिवशी जा.