छापून आल्यावर परत त्या गल्लीत गेलात का? (अनुभव धागा)

मी मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या पेपरात 'शहर आणि संस्कृती' हे बीट (वाटून दिलेला विषय) बघते. बीट कसलं, जे कुणालाच नको ते माझ्याकडे आलं. निवडणुका सीनिअरला, स्पोर्ट्स त्याच्या मित्राला, आणि मला भिंतीवरची चित्रं, बंद पडणारी थिएटरं, वाचनालयाची शंभरी. आधी खूप चिडले होते, आता कुणी काढून घेतलं तर भांडेन.

तर प्रश्न असा. मागच्या महिन्यात एका जुन्या वस्तीवर हजार शब्द लिहिले, शेअर वगैरे बरंच झालं, आणि तेव्हापासून मी त्या रस्त्याने जायचं टाळतेय. चुकीचं काही लिहिलेलं नाही (बहुतेक). पण तिथल्या एका आजींनी मला तीन तास बसवून सगळं सांगितलं होतं, जुन्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या, आणि छापून आलं त्यांचं एकच वाक्य, तेही एडिटरने अर्धं केलेलं. आता तोंड कसं दाखवू?

कॉलेजात असताना ज्यांनी असं रिपोर्टिंग केलंय त्यांनी सांगा, परत गेलात का, काय झालं. आणि तुमच्या गल्लीवर कुणी लिहून गेलं असेल तर तुम्हीही लिहा प्लीज.

शाई_संपली

गेलो होतो, आणि जन्माची अद्दल घडली. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांवर फीचर केलं होतं, पहिल्यांदाच लेखावर माझं नाव, म्हणजे बायलाइन, घरी सगळ्यांना पाठवून झालेलं. पंधरा दिवसांनी गेलो तर त्यांनी कात्रण फ्रेम करून बरोब्बर समोर लावलेलं, आणि आडनावावर निळ्या पेनाने काट मारून वर नीट आडनाव लिहिलेलं. मला काही बोलले नाहीत, चहा पाजला. मी पूर्ण वेळ त्या फ्रेमकडे पाठ करून बसलो. तेव्हापासून वहीत नाव समोरच्याच्या हाताने लिहून घेतो, कितीही सोपं असो. जोशी असले तरी.

गल्लीतलीच

मी दुसऱ्या बाजूची. आमच्या गल्लीवर एका मुलाने लिहिलं, हेडिंग 'जिथे काळ थांबला आहे'. अरे बाळा काळ थांबला असता तर भाडं पण थांबलं असतं की! दरवर्षी वाढतंय ते कोण देतं? आणि एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, 'अरुंद, कळकट, पण जिवंत'. तो 'पण' कशाला? आम्ही जिवंत आहोत ते अरुंद असूनसुद्धा का? मुलगा गोड होता, बोलायला चांगला होता, पण येतानाच लेख मनात लिहून आला होता, आम्हाला फक्त त्यात बसवलं. त्याला नळाच्या टायमिंगवरून होणारी भांडणं सांगितली, वरच्या मजल्यावर रात्री कोडिंग करणारी मुलं सांगितली, दोन्ही गाळलं. काळ थांबल्याच्या गोष्टीत लॅपटॉप बसत नाही ना.

परत आला असता तर मी हेच बोलले असते, ओरडले नसते. (थोडी ओरडले असते.)

मागचा_बाक

वरच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. मी काही वर्षं विद्यार्थ्यांनी छापायला दिलेले लेख तपासतोय, आणि 'काळ थांबला' मी निदान पन्नास वेळा खोडलंय.

मुलांना मी दोन जुनी उदाहरणं सांगतो. एक रॉबर्ट पार्क. आधी दहाएक वर्षं पेपरात बातमीदारी, मग १९१४ पासून शिकागो विद्यापीठात समाजशास्त्र. तो विद्यार्थ्यांना लायब्ररीतून उठवून शहरात पाठवायचा, बड्या हॉटेलच्या लॉबीत बसा आणि गरीब वस्तीच्या पायऱ्यांवरही बसा, पँट मळू दे, असा त्याचा खाक्या. पण त्याच विद्यापीठाच्या लोकांनी १९२० च्या दशकात शहराचे ७५ भाग पाडले, पुढे ते ७७ झाले, आणि त्यातल्या बऱ्याच सीमा अजून आकडेवारीसाठी वापरतात. सोयीचं आहे, मान्य. तरी रस्त्यावर उभं राहून तीन जणांना विचारा की तुमची वस्ती कुठे संपते, तीन उत्तरं येतील, आणि बातमी त्या तीन उत्तरांच्या मधल्या फरकात सापडते हे मी शपथेवर सांगतो.

दुसरा चार्ल्स बूथ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याने लंडनच्या रस्त्यांना गरिबी-श्रीमंतीप्रमाणे रंग दिले, श्रीमंत पिवळे, सगळ्यात खालचे काळे, आणि काळ्या रंगाच्या खुलाशात तिथले लोक जवळपास गुन्हेगारच अशा अर्थाचे शब्द. काम अफाट आहे, वह्यासुद्धा जपलेल्या आहेत आणि ऑनलाइन बघता येतात. पण नंतरच्या फेरीत त्याची माणसं बीटवरच्या पोलिसांबरोबर गल्ल्या फिरली. पोलिसाबरोबर फिरलात तर गल्ली पोलिसाला दिसते तशीच दिसणार. आमची मुलं नगरसेवकाच्या कार्यकर्त्याबरोबर फिरून येतात, तेव्हा मी हेच सांगतो, त्यांना पटत नाही, कारण कार्यकर्ता गाडीवरून फिरवतो.

रीळ_तुटली

थिएटरचा विषय निघालाच म्हणून. शेवटच्या वर्षाला एका बंद होणाऱ्या थिएटरवर करत होते, प्रोजेक्टर चालवणारे दादा अगदी मोकळे बोलले आणि मधेच म्हणाले की आमचा चार महिन्यांचा पगार थकलाय, पण हे लिहू नकोस. आता नियम असा की ऑफ द रेकॉर्ड हे बोलायच्या आधी ठरवायचं असतं, बोलून झाल्यावर नाही, आणि आमचा एडिटर (वय वर्षं एकवीस) नेमका त्याच नियमावर अडून बसला की तुझी स्टोरीच ती आहे बाकी सगळं नॉस्टॅल्जिया आहे, तर मी म्हटलं तो माणूस काय मंत्री आहे का नियम माहीत असायला, दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी मी नाहीच लिहिलं. फार अभिमान वाटत होता स्वतःचा. महिन्याने थिएटर बंद झालं, त्यानंतर दादा बसस्टॉपवर भेटले, म्हणाले "तेवढं पगाराचं लिहायला हवं होतंस गं." मी म्हटलं तुम्हीच नको म्हणाला होतात. "तेव्हा नोकरी होती."

मी त्यांना छापायच्या आदल्या दिवशी एक फोन केला असता तर? हे मला अजून टोचतं. गप्प बसले ते त्यांच्यासाठी का स्वतःला बरं वाटावं म्हणून, माहीत नाही. आता छापायच्या आधी फोन करतेच, लेख दाखवत नाही, पण 'अजूनही तेच म्हणणं आहे ना' एवढं विचारते.

तोंडी_परीक्षा

माझा लेख इंग्रजीत होता आणि ज्यांच्यावर होता त्यांच्यात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. परत गेले तर सगळे कट्ट्यावर गोळा झाले, वाच म्हणाले. मी तिथल्या तिथे मराठीत सांगत गेले आणि तिसऱ्या ओळीला 'व्हायब्रंट' आला. व्हायब्रंट म्हणजे काय गं? मी म्हटलं म्हणजे, इथे कायम गडबड असते ना. "मग गडबड लिही की."

पुढचा अर्धा लेख मी गाळत गाळत वाचला. जे वाक्य त्या माणसाच्या तोंडावर मराठीत म्हणायची लाज वाटते ते इंग्रजीत इतकं सहज कसं लिहून गेले कळेना. सावळ्या रंगावर एक उपमा होती. ती मी वाचलीच नाही. कुणाला कळलं नाही, मला कळलं.

नकाशेवाला

आमच्याकडे एका बोळाच्या नावामागे दोन घराण्यांच्या दोन गोष्टी होत्या, मी एक छापली आणि दुसऱ्या घरातली पाच माणसं डिपार्टमेंटमध्ये हजर, एचओडीनी मला पुढे केलं आणि स्वतः मीटिंगला गेले. मग मी पुराव्याच्या मागे लागलो, जुनं गॅझेटिअर, नगरपालिकेचे ठराव, शेवटी एका जुन्या सर्व्हे नकाशावर बोळाचं तेच नाव मिळालं आणि तो नकाशा दोन्ही गोष्टींच्या आधीचा! म्हणजे दोघांचंही खोटं. केवढ्या उत्साहात दोन्हीकडे झेरॉक्स घेऊन गेलो. दोघांनीही नकाशाच चुकलाय म्हणून सांगितलं, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. मी दुसरा लेख लिहिला त्यात दोन्ही गोष्टी आणि नकाशा, तिन्ही ठेवलं, कोण काय सांगतं ते नावानिशी. तो कुणालाच आवडला नाही, माझ्या मते तोच चांगला होता.

उंबरा

नाही गेलो. चार वर्षं झाली. हा धागा वाचून पोटात गोळा आला.

दूरदेशी

'कॉलेजचा पेपर कोण वाचतं' असं म्हणून दुरुस्ती छापायला टाळाटाळ करणाऱ्यांसाठी. अमेरिकेत ॲन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे, तिथला गावाचा दैनिक पेपर २००९ मध्ये बंद झाला आणि त्यानंतर बरीच वर्षं गावात रोज छापून निघणारा पेपर एकच उरला, विद्यार्थ्यांचा, द मिशिगन डेली, १८९० पासूनचा. म्हणजे गावातल्या कुणाचं नाव चुकलं तर ते दुरुस्त करायला रोज छापून निघणारा दुसरा पेपरच नव्हता. शाई_संपली, तुमच्या काकांची दुरुस्ती छापली होती का तुम्ही?

शाई_संपली

@दूरदेशी नाही छापली. पाच वर्षांनी काय छापू आता. ऑनलाइन कॉपीत तरी बदलायला सांगतो, लॉगिन कुणाकडे आहे देव जाणे.

धागाकर्ती

सगळ्यांना थँक्यू, गल्लीतलीच ताईंना जास्त (मी पण 'काळ थांबला' लिहिलं होतं, शेवटच्या पॅरात, आज परत वाचलं).

काल गेले. आजी घरी नव्हत्या, दवाखान्यात नंबर लावायला गेल्या होत्या. शेजारच्या काकूंनी पाणी दिलं आणि लगेच झापायला सुरुवात केली, कशावरून तर फोटोत त्यांचा नातू अर्धा कापला गेलाय. मूळ फोटोत पूर्ण आहे का, फोनमध्ये आहे का, दाखव, मोठा कर, पाठव, यांच्या नंबरवर नको तो हरवतो, सुनेच्या नंबरवर. पाऊण तास यातच गेला. एका वाक्याची माफी कशी मागायची ते मी बसमध्ये पाठ करून गेले होते, त्याचा विषयच निघाला नाही.

गुरुवारी परत जातेय, फोटोची मोठी प्रिंट घेऊन.