बेसबॉलच्या फटक्यात आधी हात की कंबर?

प्रश्न: क्रिकेट सोडून बेसबॉलकडे वळलेला माझा मुलगा नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सराव करताना नुसत्या हातांनी बॅट फिरवतो, त्यामुळे चेंडू दूर जात नाही. त्याने काय बदलावे?

उत्तर १: क्रिकेटची सवय असलेल्यांचे असे हमखास होते. पुढचा पाय टेकला की आधी कंबर वळते, मग छाती व खांदे, आणि हात सर्वांत शेवटी येतात. कंबर आणि खांद्यांमधला हा क्षणभराचा पीळच बॅटला वेग देतो. मागचे कोपर बरगडीजवळून आणल्यास बॅटचा फेरा आखूड राहतो; तो आखूडच हवा, कारण १८.४४ मीटरवरून फेकलेला वेगवान चेंडू जेमतेम ०.४ सेकंदात पोहोचतो.

उत्तर २: मनगटे मुद्दाम वळवू नयेत. आघाताच्या क्षणी वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे, तर खालच्याचा जमिनीकडे असावा.