सहकाऱ्याच्या कामाचे कौतुक नेमके कसे करावे?

पासबुक (प्रश्न):
एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. शाखेच्या व्हॉट्सॲप गटावर मी "खूप छान", "उत्तम काम" असे संदेश नेमाने टाकतो. त्यांवर अंगठे उमटतात आणि विषय संपतो. मात्र आमच्या एका ज्येष्ठ लिपिक बाईंनी मार्चअखेरच्या गर्दीतही जुनी व्हाउचरे शोधून सस्पेन्स खात्यातील (नेमक्या कोणत्या खात्यात जायच्या हे न ठरलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवण्याचे खाते) वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नोंदी एकेक करून जुळवल्या, आणि त्यामुळे लेखापरीक्षणात त्या खात्यावर एकही शेरा आला नाही. अशा कामालाही तेच "खूप छान" म्हणणे अपुरे वाटते आणि अधिक बोलावे, तर ती खुशामत वाटेल अशी धास्ती वाटते. काय करावे?

जुनी खतावणी:
प्रश्नात जे लिहिले आहे, तेच बाईंना समोर बसवून सांगावे. त्याहून अधिक विशेषणांची गरज नाही. काय केले, कसे केले आणि त्यामुळे काय टळले, हे तिन्ही त्यात आले आहे. धास्तीबाबत म्हणाल, तर एरिका बूथबी आणि व्हॅनेसा बोन्स यांच्या २०२१ मधील संशोधनात असे आढळले की, कौतुक ऐकणाऱ्याला किती आनंद होईल याचा अंदाज आपण कमी बांधतो आणि त्याला अवघडल्यासारखे होईल ही भीती मात्र वाढवून धरतो.

उपअभियंता:
तोंडी कौतुक करून थांबू नये, ते वार्षिक मूल्यमापनात उतरले पाहिजे. सरकारी नोकरीत मोघम शेऱ्याची किंमत काय असते, हे देव दत्त खटल्यात दिसले. सीमा रस्ते सेवेतील या कार्यकारी अभियंत्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी "चांगला" असा शेरा होता, पण पदोन्नतीसाठी "अतिशय चांगला" ही अट असल्याने तो वरकरणी स्तुतीचा शब्दच त्यांच्या आड आला, आणि त्यांना तो कळवलेलाही नव्हता. अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. तेव्हा मोघम विशेषण टाळून काम नोंदवा आणि ती नोंद त्यांना दाखवा.

काउंटर क्रमांक तीन:
मी लिपिक आहे, म्हणून खालच्या बाजूने लिहिते. बाई व्हाउचरे चाळत होत्या तेव्हा त्यांचे काउंटर कोणीतरी सांभाळले असेलच. गटावर लिहिताना त्यांचेही नाव घेतले, तर पक्षपाताची कुजबुज उरणार नाही. दुसरे, कौतुकाच्या पाठोपाठ "आता दुसऱ्या शाखेचेही खाते तुम्हीच बघा" असे कृपया म्हणू नका. आमच्याकडे साहेब गोड बोलू लागले की आता कोणते काम गळ्यात पडणार, याचाच अंदाज सगळे बांधू लागतात!

पासबुक:
सर्वांचे आभार. अडचण अशी की, आमच्या मूल्यमापनाच्या नमुन्यात केवळ गुणांचे रकाने आहेत, अभिप्रायाला जागाच नाही.

उपअभियंता:
मग मुख्य कार्यालयाच्या आस्थापना विभागाला स्वतंत्र पत्र लिहावे, ते त्यांच्या सेवा नस्तीत लावण्याची विनंती करावी आणि एक प्रत बाईंना द्यावी. पत्रात खात्याचे नाव, कालावधी आणि लेखापरीक्षण अहवालाचा संदर्भ अवश्य घालावा, म्हणजे पुढे शाखाप्रमुख बदलले तरी ते वाचणाऱ्याला काम समजेल.