दोन अपत्यांची अट लोकसंख्या आवरते की मुली?

सदाफुली

ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज भरताना प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की सप्टेंबर २००१ नंतर आपल्याला तिसरं अपत्य झालेलं नाही. माझ्या जाऊबाईंना दोन मुली. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, पॅनेलवाले घरी आले. चहाचे कप उचलता उचलता सासरे म्हणाले, "उभं राहायला हरकत नाही, पण मग पुढचा चान्स गेला." चान्स कसला ते कुणी विचारलं नाही. जाऊबाई उभ्या राहिल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांना तिसरी मुलगी झाली.

आता साधा हिशेब बघा. घरात चार मुलं जन्मत होती तेव्हा सोळा घरांमागे एखाद्या घरी सगळ्या मुलीच असायच्या. दोनवर थांबायचं ठरलं की चार घरांमागे एका घरी दोन्ही मुली. म्हणजे मुलगा "नसलेली" घरं चौपट झाली, आणि मुलगा हवाच ही भूक मात्र तेवढीच राहिली. ही घरं काय करणार? एक तर तिसरं मूल आणि पद गमावणं, नाही तर सोनोग्राफीचं मशीन. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. माझं म्हणणं, मुलाचा हव्यास तसाच ठेवून नुसती संख्या बांधली की कात्री मुलींवरच चालते. ही अट काढून टाकावी.

माजी_ग्रामसेवक

ताई, आकडे बरोबर आहेत, पण आरोपी चुकीचा धरलाय. ९४६ वरून ९१३ ही मोठी घसरण २००१ च्या आधीची. तेव्हा ही अट होती कुठे? मशीन मात्र तालुक्यापर्यंत पोचलं होतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ ला केला, केंद्राचा १९९४ चा. रोग त्याच्याही आधीचा आहे.

आता जिल्हे घ्या. कोल्हापूर २००१ ला ८३९ वर होतं, २०११ ला ८६३ वर आलं. बीड ८९४ वरून ८०७ वर घसरलं. अट दोन्हीकडे तीच. एक जिल्हा चढतो, दुसरा कोसळतो, मग दोष अटीचा कसा? कोल्हापुरात प्रशासनाने सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले, तपासण्यांची नोंद राहू लागली. जिथे धाक बसला तिथे फरक दिसला.

आणि पद ही काही सक्ती नाही. खुर्ची हवी तर आधी उदाहरण घालून द्या. हरियाणाच्या अशाच अटीवर २००३ ला सर्वोच्च न्यायालयात वाद गेला आणि न्यायालयाने अट वैध ठरवली. मी नोकरीत असताना एका सरपंचाने तिसरं मूल भावाच्या नावावर लावलं होतं. शाळेच्या दाखल्यावरून उघडं पडलं, पद गेलं. गावात त्याची चर्चा वर्षभर होती, आणि लोक त्यातूनच शिकतात.

तिरकस

काय शिकले? दाखला नीट सांभाळून करायचा, एवढंच ना?

हरियाणाचा निकाल सांगितलात, पण पुढचं राहिलं. कोर्टात जिंकलेली ती अट हरियाणाने पुढे स्वतःच काढून टाकली. आंध्रने २०२४ ला काढली, कारण तिथे आता मुलं कमी होतायत म्हणून काळजी आहे. आपलं बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला. पिढी आहे तेवढी राहायला २.१ लागतो. विझलेल्या चुलीवर पाणी ओतत बसायचं कशाला?

माजी_ग्रामसेवक

१.७ आपोआप झाला का? भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले, शिबिरं घेतली, नर्सबाई पायपीट करत वस्त्यांवर गेल्या, तेव्हा झाला.

सदाफुली

तुमचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. २००१ ची अट एकटी दोषी नाही, ते मी घाईत लिहिलं. पण "दोनच पुरे" हे धोरण अटीच्या कितीतरी आधीपासून होतं, तुम्हीच आता लाल त्रिकोण म्हणालात. छोटं कुटुंब चांगलंच. पण त्या त्रिकोणाशेजारच्या चित्रात एक मुलगा नि एक मुलगी असायची. दोन्ही मुली असलेलं सुखी कुटुंब तुम्ही भिंतीवर कधी रंगवलेलं पाहिलंत?

चीनने तर हे कागदावरच आणलं. १९८० पासून एकच मूल. खेड्यातले लोक ऐकेनात, म्हणून १९८४ पासून बऱ्याच प्रांतांत सवलत दिली: पहिली मुलगी झाली तर दुसरं होऊ द्या. म्हणजे मुलगी अर्धं मूल, हे सरकारच सांगतंय. २०१० च्या सुमारास तिथे शंभर मुलींमागे ११८ च्या आसपास मुलगे जन्मत होते. नैसर्गिक प्रमाण १०५ च्या आसपास. नंतर २०१६ ला दोन, २०२१ ला तीन मुलांना मुभा दिली, पण न जन्मलेल्या मुली कुठून आणणार?

कोरडवाहू

मी चौतीसचा आहे. लग्न नाही. डिसेंबर २०२२ ला सोलापुरात पोरं बाशिंग बांधून घोड्यावरून कलेक्टर कचेरीवर गेली होती, लोक हसले. आम्हाला हसू आलं नाही. माझ्या मामाच्या पोराला मध्यस्थाने पैसे घेऊन बाहेरची मुलगी दाखवली, लग्न लावलं, आठव्या दिवशी नवरी गेली आणि मध्यस्थाचा फोन बंद. म्हणजे मुली कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल म्हणणाऱ्यांनी हे बघावं. किंमत वाढली, पण ती मध्यस्थाच्या खिशात गेली.

तरी माझं मत अट ठेवा असंच आहे. आजोबांची अठरा एकर. त्यांना तीन मुलगे, वडिलांच्या वाट्याला सहा. आम्ही तिघे भाऊ, मला दोन एकर, विहीर सामाईक. पाळी आली की रात्री दोनला मोटर चालू करायला जातो. दोन एकराला मुलगी कोण देणार? पहिल्या पिढीत दोनच असते तर आज माझं लग्न झालं असतं.

सदाफुली

दादा, राग मानू नका. आत्या किती? बहिणी?

कोरडवाहू

दोन आत्या, एक बहीण. त्याचा इथे काय संबंध?

तिरकस

संबंध तोच आहे हो. अठरा एकर तिघांत वाटली म्हणताय, पण आजोबांची मुलं पाच होती. वडिलांची सहा एकर तुम्ही तीन भावांत वाटली, भावंडं चार होती.

माजी_ग्रामसेवक

वाटणीचं मला जवळून माहीत आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आहे, देशभर २००५ पासून. कागदावर. प्रत्यक्षात तलाठ्याकडे वारसनोंद लागली की पाठोपाठ हक्कसोडपत्र येतं. बहिणीला गाडी करून तालुक्याला आणतात, दुय्यम निबंधकासमोर अंगठा किंवा सही, मग साडीचोळी आणि जेवण. नाही म्हणाली तर माहेर तुटलं. असे कितीतरी कागद मी पाहिलेत. हे मान्य करतो, की माझा सायलेंट ऑब्झर्व्हर इथे काही करू शकत नाही.

पण मग उपाय काय? अट काढली की बहिणीला जमीन मिळेल?

सदाफुली

नाही मिळणार. पण दक्षिण कोरियाचं बघा. १९९० ला तिथे शंभर मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे जन्मत होते. लिंग सांगायला डॉक्टरांना १९८७ पासूनच बंदी होती, तरी हे प्रमाण. पुढे बायका नोकरीला लागल्या, म्हातारपण मुलावर अवलंबून राहिलं नाही, घराचा प्रमुख पुरुषच ही कायद्यातली व्यवस्था २००८ ला संपली. या सगळ्या काळात प्रमाण पुन्हा नैसर्गिक पातळीवर आलं. बंदी सुरुवातीपासून होती, बदललं ते घर. म्हणून मशीनवर धाक ठेवाच, मी कुठे नको म्हणते? पण दोनच्या अटीने त्या घरावर दाब वाढतो, आणि शिक्षा बाईला होते. तिसऱ्यांदा गरोदर राहायचं की नाही हे माझ्या जाऊबाईंना कुणी विचारलं होतं?

माजी_ग्रामसेवक

त्यांना विचारलं नसेल. पण अट काढली तर चौथ्यांदाही विचारणार नाहीत.

तिरकस

ग्रामसेवक, हा फटका जोरदार होता, मानलं. तरी अट राहू दे असं नाही म्हणणार.

कोरडवाहू

उशिरा लिहितोय, मोटरवर होतो. बहिणीची सही २०१९ ला घेतली. माझ्याच गाडीवर बसवून नेली होती. तिला विचारलं नव्हतं, सही कर म्हटलं होतं. ती काही बोलली नाही. परत येताना एवढंच म्हणाली, विहिरीकडचा आंबा तेवढा तोडू नका.