मारुती ८०० : बॅटरी नवी, डायनामो दुरुस्त, तरी चार्जिंग होत नाही (सांगली) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती ८००, १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. वडिलांनी नवी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. सध्या संध्याकाळी आईला मिरजेला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. येताना अंधार होतो आणि नेमकं तेव्हाच गाडी रडायला लागते. हेडलाइट लावले की विश्रामबाग येईपर्यंत पिवळे पडतात. पाऊस असला तर वायपर काचेवर रेंगाळतो. सकाळी चावी फिरवली की नुसतं कटकट वाजतं, सेल (स्टार्टर) मारत नाही. मग गल्लीतल्या पोरांना बोलावून धक्का. आई आत असताना रस्त्यात असं झालं तर काय, ही काळजी रोजची झाली आहे.

दिवाळीत बॅटरी नवी घातली. फरक पडला नाही म्हणून वायरमनकडं डायनामो (अल्टरनेटर) उतरवून दिला. कार्बन, बेअरिंग, कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) सगळं बदललं. पट्टा नवा, ताणही बरोबर आहे. दुकानात बेंचवर लावला की चार्जिंग झकास, गाडीत बसवला की पहिले पाढे पंचावन्न. आता ते म्हणतात अख्खा अल्टरनेटर नवा घ्या. एवढा खर्च करण्याआधी मी मल्टीमीटर आणून मापं घेतली.

बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करून ठेवली की बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. तशा बॅटरीवर सेल एकदम जोरात फिरतो. गाडी चालू, लोड काही नाही : बॅटरीवर १३.५, आणि डायनामोच्या मागच्या मोठ्या बोल्टवर (काळी पिन डायनामोच्याच बॉडीला लावून) १४.३. हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावून रेस दिली : बॅटरीवर १२.४ आणि डायनामोवर १४.१.

गाडी बंद असताना करंट कुठं खातेय का तेही पाहिलं. निगेटिव्ह काढून मीटर मध्ये जोडला, साधारण ३० मिलिअँपिअर येतात. गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद पेटतो, दिवसा दिसतही नाही. हेडलाइट लावले की जरा वाढतो.

आणखी एक सांगायला हवं. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ही गाडी गावभागात घरासमोरच अडकली होती. बोनेटच्या आत गाळ होता. इंजिन, सीट, ब्रेक सगळं तेव्हा करून घेतलं, वायरिंग मात्र धुऊन वाळवून तसंच ठेवलं. त्याचा संबंध असेल का? डायनामो बदलू की आधी आणखी काही तपासू?

प्रतिसाद

डायनामो अजिबात बदलू नका. तुमच्या मापांनीच तो निर्दोष सुटलाय. १४.१ तयार होतायत आणि बॅटरीला १२.४ पोचतायत, म्हणजे पावणेदोन व्होल्ट वाटेत गळतायत. १३.८ ते १४.४ मिळाल्याशिवाय बॅटरी पूर्ण भरत नाही. ३० मिलिअँपिअरचं टेन्शन घेऊ नका, ५०च्या आत असलं की चालतं. बॅटरी रात्रीत उतरत नाही, ती मुळात भरतच नाही.

आता गळती कुठल्या बाजूला, ते शोधा. गाडी चालू, सगळा लोड चालू. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक पिन डायनामोच्या मोठ्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. मग एक पिन डायनामोच्या बॉडीवर, दुसरी निगेटिव्हवर. दोन्हीकडं ०.२च्या आसपास यायला हवेत. माझ्या मते दोष पॉझिटिव्हकडं निघेल. कारण सेल शंभरावर अँपिअर ओढतो आणि तो करंट निगेटिव्हच्या केबलमधूनच परत येतो. ती केबल खराब असती तर चार्ज बॅटरीवरही सेल जोरात फिरला नसता. सेलची पॉझिटिव्ह केबल बॅटरीवरून थेट जाते, डायनामोची वायर मात्र वेगळी, फ्युजिबल लिंकमधून (जास्त करंट गेला की वितळून तुटणारी फ्यूजसारखी वायर) येते. लाल दिव्याचंही तेच. त्याच्या एका टोकाला बॅटरीकडचा व्होल्टेज, दुसऱ्या टोकाला डायनामोचा. दोन्ही सारखे असले की दिवा विझतो, फरक राहिला की मंद पेटतो.

हे काम होईपर्यंत रात्री गाडी काढू नका. वीस अँपिअर जाताना दीड व्होल्ट एका जॉइंटमध्ये पडला तर तिथं ३० वॅट उष्णता होते, प्लॅस्टिक वितळतं. लिंक काढून सरळ जाड वायर मारायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. शॉर्ट झाला तर गाडी वाचवणारी तीच एक गोष्ट आहे. आणि "डायनामो चालतोय का बघू" म्हणून चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढू देऊ नका. जुने मिस्त्री करतात, पण त्या झटक्यात नवा कटआउट आणि डायोड दोन्ही जाऊ शकतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज माप घेतलं : निगेटिव्हकडं ०.२, पॉझिटिव्हकडं १.५. बॅटरीजवळ फ्युजिबल लिंकचा जो कपलर आहे, तो हाताला चटका बसेल इतका तापला होता. गाडी बंद करून, बॅटरी सोडवून तो उघडला. एका बाजूचं प्लॅस्टिक तपकिरी झालंय, पिनेवर हिरवट पावडर, आणि वायरचं आवरण सोललं तर आतलं तांबं बोटभर लांब काळं. चिमटीत धरलं की तारा तुटून येतात.

वायरमनला बोलावून तेवढा तुकडा कापला, चांगलं तांबं लागेपर्यंत मागं गेलो, नवी टर्मिनल क्रिंप केली. आता सगळ्या लोडवर बॅटरीला १३.९ येतात, लाल दिवा पूर्ण विझला. लिंक अजून जुनीच आहे. ती मूळ मापाची नवी घालायची आहे, पण इथल्या दुकानांत दोन वेगवेगळ्या जाडीच्या दाखवतायत. १९९८च्या कार्ब्युरेटर मॉडेलची कुणाकडं असेल तर तिच्यावरचं माप आणि रंग बघून सांगाल का? आणि पुरातून निघालेल्या गाडीत असे आणखी कुठले जॉइंट आधी उघडून बघावेत?