‘जाउस्टिंग’ करणाऱ्यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. इंग्लंडमधल्या जुन्या गढ्यांवर उन्हाळ्यात जाउस्टिंगचे, म्हणजे घोडेस्वारांनी भाल्यांनी झुंजण्याचे, मध्ययुगीन खेळ होतात, त्यासाठी चिलखती घोडेस्वारांची पथके आणतात, ती कशी आणतात याबद्दल. ‘आयोजक जाउस्टिंगचे योद्धे भाड्याने घेतात’ असे लिहिले, पण कानाला बरे लागत नाही. दुसरे काय लिहिता येईल?

प्रतिसाद : खटकतंय ते ‘भाड्याने’. भाड्याने मांडव आणतात, खुर्च्या आणतात, माणसं नाही. त्यातून ‘भाडोत्री योद्धा’ म्हटलं की पैशासाठी कुणाच्याही बाजूने लढणारा असा अर्थ होतो. कलावंतांसाठी आपल्याकडे ‘सुपारी’ आहे. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेवाले तिथे येऊन फडांना सुपारी देतात.

प्रतिसाद : ‘सुपारी’ तमाशाला शोभते, इथे नको. ‘लढवय्यांना सुपारी दिली’ वाचून आजचा वाचक खुनाचाच विचार करेल. साधं ‘ठरवणे’ वापरा. बँड ठरवतो, कीर्तन ठरवतो, तसा खेळ ठरवला. आगाऊ रकमेला ‘विसार’ आणि मानधनाला ‘बिदागी’ आहेच.

प्रतिसाद : आता मूळ खेळाकडे. दोन स्वार समोरासमोर दौडत येतात, मध्ये लांबलचक लाकडी कठडा. तो १५व्या शतकात आला, घोड्यांची टक्कर होऊ नये म्हणून. भाला उजव्या काखेत, पण रोख डावीकडे, घोड्याच्या मानेवरून तिरका, कारण प्रतिस्पर्धी डाव्या हाताला असतो. हल्ली खेळांत भाल्याचं टोक बहुधा बाल्सा या हलक्या लाकडाचं बसवतात, ढालीवर आपटलं की त्याच्या चिरफळ्या उडतात. पूर्वी अख्खा भाला असे. १५५९ मध्ये पॅरिसला फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच खेळात जखमी झाला. मोडलेल्या भाल्याची ढलपी शिरस्त्राणाच्या झडपेतून आत गेली आणि दहाएक दिवसांनी तो वारला. म्हणून नुसतं ‘भालाफेक’ किंवा ‘भालायुद्ध’ लिहू नका. इथे भाला फेकत नाहीत, युद्धही नसतं. मी ‘भालाझुंज’ सुचवेन.

प्रश्नकर्ती : छान आहे. मग खेळणाऱ्याला ‘भालदार’ म्हणू?

प्रतिसाद : नको! भालदार म्हणजे दरबारात चोपदाराबरोबर ललकारी देणारा. या खेळात स्वारांची नावं, घराणी पुकारणारा माणूस असतोच, त्याला तो शब्द नेमका बसतो. स्वारासाठी मला ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ ही जोडी द्यावीशी वाटते. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई; बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. पथक ठरवताना आयोजकाला पहिल्यांदा हेच विचारावं लागतं. घोडे त्यांचे की आपण द्यायचे? चिलखत कुणाचं? घोडा दुखावला तर खर्च कुणाच्या अंगावर? तबेला आणि वैरण कुणी बघायची? इंग्रजीत हे सगळं समजावून सांगायला परिच्छेद लागतो, आपल्याकडे दोन शब्दांत होतं.

प्रतिसाद : शब्द गोड आहेत, पण लेखात सरसकट ‘शिलेदार’ आलं तर वाचकाला पगडी आणि दख्खनी घोडा दिसेल. समोर तर नखशिखांत पोलादातला नाइट आहे.

प्रतिसाद : बरोबर. नाव ‘नाइट’ किंवा ‘चिलखती स्वार’ ठेवा, शिलेदार-बारगीर फक्त घोडा कुणाचा हे सांगायला वापरा. आणि पथकात नुसते स्वार नसतात हेही लिहा. भाले हातात देणारी, तुकडे उचलणारी, लगाम धरणारी माणसंही लागतात, त्यांची बिदागी वेगळी विचारून घ्यावी लागते.

प्रश्नकर्ती : मग असं लिहिते : ‘आयोजक भालाझुंजीचे पथक विसार देऊन ठरवतात. बहुतेक स्वार शिलेदारांसारखे स्वतःच्या घोड्यानिशी येतात. बारगीर आणायचे तर घोड्यांची सोय आयोजकांनी करायची.’

प्रतिसाद : ‘बहुतेक’ तेवढं पथकांना विचारून खात्री करून लिहा. बाकी वाक्य पक्कं आहे.